तापीकाठची खापरे: काय सांगतात, काय सांगत नाहीत

कतारगाम हा सुरतेचा उत्तरेकडचा भाग. हिऱ्यांचे कारखाने, दाट वस्ती आणि कडेने वाहणारी तापी. सिंगणपोरच्या कॉजवेवरून पलीकडे गेले की रांदेर हे जुने बंदर लागते. नदीच्या वरच्या अंगाला वीसेक किलोमीटरच्या आत कामरेज आहे. तशीच वर वर जात राहिले की खानदेशात प्रकाशे आणि सावळदा. सुरतेत पोटापाण्यासाठी आलेली हजारो खानदेशी कुटुंबे याच नदीच्या वरच्या खोऱ्यातली. या काठावरच्या वस्त्यांबद्दल लेखी पुरावा फार तर दोन हजार वर्षे मागे जातो. त्याआधीचे जे काही ठाऊक आहे, त्यातले बरेचसे फुटक्या मडक्यांच्या तुकड्यांनी सांगितलेले आहे.

लाकूड कुजते, कापड विरते, तांबे वितळवून पुन्हा वापरतात. भाजलेली माती मात्र कुजत नाही आणि फुटल्यावर तिला कोणी परत वितळवत नाही. म्हणून उत्खननात हाती येणाऱ्या वस्तूंमध्ये सर्वाधिक भरणा खापरांचा असतो. त्यांच्यावर गेली सव्वाशे वर्षे जगभर काम चालले आहे, आपल्याकडे साधारण पाऊणशे वर्षे. या कामाचा एकूण हिशेब मांडला तर एक गोष्ट स्पष्ट होते. भांडे कधीचे, कसे घडवले, त्यात काय शिजले, ते कुठून आले, या चार प्रश्नांना खापर बऱ्यापैकी खात्रीने उत्तर देते. ‘ही माणसे कोण होती’ हा पाचवा प्रश्न विचारला की त्याची साक्ष डळमळते. आणि अभ्यासकांनी सर्वांत जास्त शाई याच पाचव्या प्रश्नावर खर्ची घातली आहे.

कधीचे?

खापरावरून काळ ठरवण्याची युक्ती रूढ केली ती फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज संशोधकाने. इजिप्तमधल्या शेकडो कबरींत लेख नव्हते, राजांची नावे नव्हती. होती ती फक्त भांडी. एका प्रकारच्या भांड्याचे कान हळूहळू आखूड होत शेवटी नुसती रंगाची रेघ उरते, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्या आधारे त्याने कबरी आधीच्या-नंतरच्या क्रमाने लावल्या. १८९९ मध्ये त्याने ही पद्धत मांडली. वर्ष सांगता येत नव्हते, पण क्रम सांगता येत होता.

आपल्याकडे हेच काम पांढरीच्या टेकाडांनी केले. गाव शतकानुशतके एकाच जागी वसले की राख, शेण, पडक्या भिंती यांचे थर साचून टेकाड तयार होते. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे इथे १९५५ साली बी. के. थापर यांनी असे टेकाड खणले. तळाशी माळवा पद्धतीची रंगीत भांडी, मग त्यांच्या जोडीला जोर्वे पद्धतीची, त्याच्या वर लोखंड आणि काळी-तांबडी भांडी, त्यावर ऐतिहासिक काळ. त्याच दशकात ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी जोर्वे, नाशिक, नेवासे इथे खणत होते. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात १९५०-५१ मध्ये जी भांडी सापडली त्यांनी एका संपूर्ण संस्कृतीला नाव दिले. हीच भांडी पुढे गोदावरी, प्रवरा, भीमा, तापी या सगळ्या खोऱ्यांत निघाली आणि महाराष्ट्राच्या इतिहासाला सातवाहनांच्या मागे हजार-दीड हजार वर्षांची नवी ओसरी मिळाली.

कार्बन-१४ पद्धत आल्यावर या क्रमाला वर्षे चिकटली. माळवा साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते १४००, पूर्व जोर्वे १४०० ते १०००, उत्तर जोर्वे १००० ते ७००. पण प्रत्येक टेकाडावर कोळसा मिळेलच आणि तपासायला पैसा असेलच असे नाही. म्हणून आजही नांगरलेल्या शेतात फिरणारा पुरातत्त्वज्ञ पहिला अंदाज बांधतो तो पायाशी पडलेल्या खापरावरूनच, आणि तो अंदाज बहुतेकदा बरोबर ठरतो.

कसे घडवले?

जोर्वे पद्धतीचे एक खापर हातात घेऊन पाहण्यासारखे असते. माती बारीक मळलेली, खडे काढलेले. कडेवर चाकाच्या फिरकीचे बारीक समांतर ओरखडे. पृष्ठभाग नारिंगी-तांबडा, चकाकी नसलेला. त्यावर काळ्या रंगात तिरप्या रेघा, चौकटी, जाळी. फुटलेल्या कडेत रंग आरपार एकसारखा, म्हणजे आच आतपर्यंत पोचलेली. नखाने टिचकी मारली की धातूसारखा खणखणीत नाद येतो. कंबरेत धार असलेला वाडगा आणि बाजूला नळीसारखी तोटी असलेला लोटा हे या पद्धतीचे दोन हुकमी आकार.

एवढ्यावरून बरेच निष्पन्न होते. अशी आच उघड्यावर गोवऱ्या रचून क्वचितच साधते. त्याला बंदिस्त भट्टी हवी, जळण हवे आणि आच ओळखणारा माणूस हवा. चाकावर एकाच मापाचे शेकडो वाडगे काढणारा हात रोजच्या सरावाचा असतो. म्हणजे गावात शेती न करता, किंवा शेतीबरोबर, फक्त मडकी घडवणारा कोणी होता आणि बाकीचे गाव त्याच्या पोटाची सोय करत होते. हा नुसता तर्क नव्हे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ पासून चौदा-पंधरा वर्षे उत्खनन चालले. तिथे कुंभाराची भट्टीच सापडली. कारागिरांची घरे गावाच्या कडेला आणि खातीपिती घरे मध्यभागी अशी मांडणीही दिसली.

काळ्या-तांबड्या भांड्यांत वेगळे कसब दिसते. भांडे आतून काळे, बाहेरून तांबडे. बहुधा ते भुसा-राखेत पालथे घालून भाजत. आत हवा न पोचल्याने माती काळी राहते, बाहेर आच आणि हवा दोन्ही लागल्याने ती लाल होते. रसायनशास्त्राचे नाव न घेता हवेवर ताबा मिळवलेला हा कारागीर होता. विदर्भात नायकुंड, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांमध्ये याच जातीची भांडी पुरलेली आढळतात. सोबत अभ्रकाचे कण चमकणारी तांबडी भांडी आणि टोकदार मुठीची झाकणे. कामरेजच्या परिसरातल्या धातवा इथे र. ना. मेहता आणि सू. ना. चौधरी यांनी १९६७-६८ मध्ये खणलेली वस्ती लोखंड गाळणाऱ्यांची निघाली. भट्टीची आच राखणे ही कुंभार आणि लोहार दोघांचीही पुंजी, हे अशा स्थळांवर नीट कळते.

काय शिजले?

हा प्रश्न पूर्वी आकारावरून सोडवत. रुंद तोंडाचे, बुडाशी काजळी धरलेले ते शिजवायचे. उंच मानेचे ते साठवणीचे. तोटीचे ते ओतायचे. गेल्या वीसेक वर्षांत मात्र खापराच्या अंगात मुरलेल्या चरबीचे आणि पिठूळ कणांचे अंश प्रयोगशाळेत वेगळे काढता येऊ लागले. न चकाकवलेले मातीचे भांडे सच्छिद्र असते. शिजताना तेलतूप त्यात झिरपते आणि हजारो वर्षे तिथेच राहते.

हरियाणातल्या फरमाणा इथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूने हडप्पा काळातली वस्ती खणली. तिथल्या भांड्यांवरचे आणि माणसांच्या दातांवरचे पिष्टमय कण अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी तपासले, तर त्यात हळद, आले आणि वांगे यांच्या खुणा मिळाल्या. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या मडक्यातली भाजी आपल्या स्वयंपाकघरात कोणाला परकी वाटणार नाही. कच्छमधल्या कोटडा भाडली या लहानशा हडप्पाकालीन वस्तीतली ५९ खापरे कल्याण शेखर चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी तपासली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दुधाच्या स्निग्धांशाचा थेट पुरावा मिळाला. दक्षिण आशियात दुभत्यावर प्रक्रिया होत असल्याचा हा सर्वांत जुना थेट पुरावा मानला जातो. गुजरातमध्ये दूध-दह्याचा व्यवहार साडेचार हजार वर्षांचा, असे आता पुराव्यानिशी म्हणता येते.

पण या तंत्रालाही मर्यादा आहेत. अक्षयेता सूर्यनारायण आणि सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या सिंधू संस्कृतीच्या गावा-नगरांतील भांडी तपासली. त्यात प्राण्यांची चरबी भरपूर होती, आणि डुकराच्या चरबीशी जुळणारे अंश अपेक्षेपेक्षा बरेच जास्त निघाले. हाडे पाहावीत तर त्याच स्थळांवर डुकराची फार थोडी. मग ती खरोखर डुकराची चरबी, की एकाच भांड्यात आज मांस, उद्या भाजी शिजल्याने झालेली सरमिसळ? मडके एकदाच वापरून कोणी टाकत नाही. वर्षभराचे जेवण त्यात एकावर एक मुरलेले असते. हाड, दाणा आणि खापर या तिघांची साक्ष जुळली तरच निकाल द्यावा, हा धडा या अभ्यासाने दिला.

कुठून आले?

कतारगामकर वाचकाला सर्वांत जवळचा प्रश्न हा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी टिपणात भडोचच्या आखाताच्या तोंडाशी कम्मोनी नावाच्या गावाचा उल्लेख आहे. ते गाव म्हणजे आजचे कामरेज, असे मानले जाते. त्याच टिपणात पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, इथून गाड्या भरून माल भडोचला येई असे नमूद आहे, आणि भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत मद्य आहे. इटलीच्या मद्याला पसंती, त्याखालोखाल इतर.

मद्य आले तर त्याचे भांडेही येणार. दोन कानांचे, टोकदार बुडाचे अँफोरा हे रोमन जगातले मद्य, तेल आणि माशाचा खारवलेला रस वाहण्याचे भांडे. नेवासे, तेर, एलिफंटा इथे अशी खापरे निघाली तेव्हा ‘रोमशी व्यापार’ हे समीकरण पक्के झाले. मराठी शालेय पुस्तकांपर्यंत ते पोचले. मग ब्रिटिश म्युझियमच्या रोबर्टा टॉम्बर यांनी भारतातल्या संग्रहांतली ही खापरे एकेक करून पुन्हा पाहिली. २००७ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की ‘रोमन’ म्हणून नोंदलेली बरीच खापरे रोमन नाहीतच. ती मेसोपोटेमिया आणि इराणकडून आलेल्या, बिनकानाच्या, निमुळत्या रांजणांची आहेत. आकारावरून त्यांना टॉर्पेडो जार म्हणतात. ओळखायची खूण आत असते. गळू नये म्हणून आतून डांबराचा काळा लेप दिलेला असतो.

या एका दुरुस्तीने पश्चिम किनाऱ्याचा इतिहास बराच बदलला. रोमचा व्यापार ओसरला की बंदरे ओस पडली, असे जे चित्र होते ते टिकेना. इराणच्या आखाताशी देवाणघेवाण त्यानंतरही शतकानुशतके चालू होती. कामरेजला २००३ मध्ये सुनील गुप्ता आणि सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननात हेच व्यापारी जग दिसले. गुजरातची तकतकीत तांबडी भांडी आणि पश्चिम आशियाची निळसर-हिरव्या काचलेपाची भांडी तिथे मिळाली. आणखी दक्षिणेला, वलसाड जिल्ह्यातले संजाण हे पारशी परंपरेनुसार इराणहून आलेल्यांचे पहिले गाव. तिथे २००२ ते २००४ या काळात झालेल्या उत्खननात पश्चिम आशियाची काचलेपाची आणि चीनची भांडी एकाच बंदरात निघाली. रुखसाना नानजी यांनी या भांड्यांचा सविस्तर अभ्यास केला आहे. परंपरेने सांगितलेल्या गोष्टीला खापरांनी निदान एवढा दुजोरा दिला, की या बंदराची दारे त्या काळी इराणकडे उघडी होती.

परदेशी वाटणारी भांडी देशी निघाल्याचीही उदाहरणे आहेत. १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी पुदुच्चेरीजवळ अरिकामेडू खणले. तिथल्या थाळ्यांच्या तळावर दातेरी चाक फिरवून काढलेली वलये पाहून ती भूमध्य समुद्राकडून आली असावीत, असे त्यांचे मत झाले. पुढे डेक्कन कॉलेजमध्ये विश्वास गोगटे यांनी क्ष-किरणांनी त्यांच्या मातीची रचना तपासली आणि १९९७ मध्ये दाखवून दिले की ही माती बंगालच्या चंद्रकेतुगढ-तामलुक भागातल्या मातीशी जुळते. गुजरातच्या तकतकीत तांबड्या भांड्यांचेही तसेच. सुरुवातीला त्यांच्यात रोमची छाया पाहिली गेली. आता ती इथलीच मानतात, आणि उलट तीच इराणच्या आखाताकाठी सापडतात. डोळ्यांना जे परके वाटले ते मातीने घरचे ठरवले. तंत्र बदलले, तसा इतिहासही बदलला.

कोणी किती वरचढ?

पाचव्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक गोष्ट: गावातली उतरंडही खापर थोडीफार दाखवते. विशेषतः मरणाच्या वेळी. इनामगावात लहान मूल गेले की त्याला करड्या मातीच्या दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घरातच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला आडवे पुरत आणि घोट्याखाली त्याचे पाय तोडलेले असत. जवळपास सगळे असे. अपवाद एक लक्षात राहतो. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या, न भाजलेल्या मातीच्या रांजणात बसवलेला चाळिशीच्या आसपासचा पुरुष, पाय शाबूत. उत्खनक म. के. ढवळीकर यांनी त्याला गावाचा प्रमुख मानले. त्याचे घर मोठे, त्याचा कुंभ निराळा, त्याला नियम निराळा. राजा नाही, लेख नाही, तरीही मान होता आणि तो मातीत घडवला जात होता.

याच गावात इसवी सनापूर्वी १००० नंतर चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी गोल लहान झोपड्या येतात आणि भांड्यांचा दर्जाही घसरतो. रंगकाम कमी होते. तोटीचा लोटा मात्र टिकतो. उत्खनकांनी याचा संबंध पाऊस कमी होण्याशी जोडला. हवामानाचा मुद्दा वादाचा राहील, पण कुंभाराला पोसण्याची गावाची ऐपत आटत गेली, एवढे खापरांवरून दिसते.

ही माणसे कोण?

आता पाचवा प्रश्न. सावळद्याच्या भांड्यांवर बाण, मासे, मासे पकडण्याचे गळ रंगवलेले आहेत. सुरतच्या दक्षिणेला किनाऱ्यावर मालवण आहे, कोकणातले नव्हे. तिथे फ्रँक ऑल्चिन आणि ज. प. जोशी यांनी १९७० मध्ये उत्तर हडप्पा काळातली वस्ती खणली. त्याच्या उत्तरेला कीम नदीच्या मुखाशी भगतराव आहे. प्रवराकाठच्या दायमाबादला तर एकाच टेकाडात सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृती एकावर एक. यातली बहुतेक नावे मूळ भांड्यांच्या तऱ्हांना दिलेली. पण लिहिता-वाचता ‘माळवा भांडी’ची ‘माळवा संस्कृती’ होते, तिचे ‘माळव्याचे लोक’ होतात आणि मग ते लोक माळव्यातून निघून तापी ओलांडून महाराष्ट्रात येतात. भांडे येणे आणि माणसे येणे यातला फरक तीन वाक्यांत पुसला जातो.

सांकलियांसारखा सावध संशोधकही या मोहातून सुटला नाही. नर्मदाकाठच्या नावडाटोलीला सापडलेल्या पन्हळीसारख्या तोटीच्या भांड्यांचे इराणमधल्या भांड्यांशी असलेले साम्य पाहून १९६३ मध्ये त्यांनी पश्चिम आशियाशी संबंध सुचवला आणि त्याला आर्यांच्या आगमनाच्या प्रश्नाशी जोडले. साम्य खरे होते. पण तोटीवरून भाषा ओळखता येत नाही. जर्मनीत गुस्ताफ कोसिना यांनी ‘जिथे आमची भांडी तिथे आमचा वंश’ या थाटाचा सिद्धांत मांडला आणि त्यांच्या मृत्यूनंतर नाझींनी तो जमिनी बळकावण्यासाठी वापरला. खापरावरून वंश वाचणे किती महागात पडू शकते, याचे हे टोकाचे उदाहरण.

आता हाडांतून प्राचीन डीएनए मिळतो, त्यामुळे या प्रश्नाची वेगळी तपासणी शक्य झाली आहे. युरोपात घंटेच्या आकाराचे, पेल्यासारखे एक भांडे साडेचार हजार वर्षांपूर्वी स्पेनपासून ब्रिटनपर्यंत पसरले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की स्पेन आणि मध्य युरोपात भांडे एकच असले तरी माणसांचे रक्त वेगळे. ब्रिटनमध्ये मात्र भांड्यासोबत माणसेही आली, इतकी की तिथला सुमारे नव्वद टक्के वंशवारसा बदलला. एकच भांडे, दोन ठिकाणी दोन उत्तरे. म्हणजे ‘भांडे म्हणजे लोक’ हे जितके चूक, तितकेच ‘भांड्याचा लोकांशी संबंधच नाही’ हेही चूक. प्रत्येक ठिकाणी ते वेगळे तपासावे लागते आणि नुसत्या खापरावर ते ठरत नाही. लग्न होऊन आलेली कुंभारीण, दुष्काळात गाव सोडलेला कुंभार, बाजारातून आणलेला माठ, शेजाऱ्याची केलेली नक्कल, या चारही गोष्टींतून एकच खापर उरते.

आजची स्थिती

या सगळ्या निष्कर्षांचा पाया एकच आहे. खापर कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, किती खोलीवर मिळाले याची नोंद. ती नोंद नसेल तर सुंदर रंगवलेले भांडेही शोभेची वस्तू ठरते. आणि नोंद असेल तर काजळी धरलेले, बिनरंगाचे, हातभर मडक्याचे तुकडेही एका घराचे जेवण सांगू शकतात. संग्रहालये रंगीत भांडी काचेत मांडतात आणि साधी खापरे पोत्यात भरून ठेवतात. चरबी आणि पिठाच्या अभ्यासाला मात्र ती पोतीच उपयोगी पडली. टॉम्बर यांनी पन्नास वर्षांपूर्वीच्या उत्खननांतली खापरे पुन्हा पाहिली म्हणून रोमचा भ्रम दूर झाला. ती फेकून दिली असती तर चूक तशीच राहिली असती.

दख्खनेत आणि गुजरातमध्ये अनेक टेकाडे आता अर्धीच उरली आहेत. पांढरी माती खतासाठी गाड्या भरून शेतात नेली जाते, कधी वीटभट्टीसाठी, कधी रस्त्याच्या भरावासाठी. धरणांखाली बरीच स्थळे गेली. सुरतेसारख्या वाढत्या शहरात तर पाया खणला जातो आणि संध्याकाळपर्यंत बुजवलाही जातो. तापीकाठी किंवा गावच्या पांढरीत खापरांचा थर उघडा पडलेला दिसला, तर तुकडे उचलून घरी आणू नका. जागेचा फोटो घ्या, ठिकाण लिहून ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. जागेवरून हललेले खापर पहिल्या चार प्रश्नांपैकी निम्म्यांचीच उत्तरे देते, आणि पाचव्या प्रश्नावर तर कोणीही त्याच्या तोंडून हवे ते वदवून घेऊ शकतो.